तात्यांचा सोमवार

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका. चौथीनंतर माझा हात पाट्यावर गेला, पेन्सिलीवर फारसा राहिला नाही. अक्षरही ओळ सोडून खाली खाली उतरत जातं. मुलगी म्हणते, आई, तू मोबाइलवर बोल, तो आपोआप लिहितो. पण बोलायचं म्हटलं की माझा आवाज बसतो. तो बसला नसता तर मी लिहायला कशाला बसले असते.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायचो, अजून तिथेच आहोत. एक खोली आणि वर पत्र्याचा माळा. विमानं उतरायला यायची ती आमच्या पत्र्यावरून इतकी खाली की बोलणारा माणूस मध्येच थांबायचा, आणि विमान गेलं की तिथूनच वाक्य पुढे उचलायचा. बाबा गेल्यावर आईने खानावळ काढली. सात-आठ माणसं, सगळी आमच्याच सिंधुदुर्गाकडची, बायकामुलं गावी ठेवून इथे नोकरी करणारी. कुणी विमानतळावर सामान चढवायचा, कुणी गोरेगावच्या स्टुडिओत दिवे उचलायचा. सकाळी उजाडायच्या आत आमच्याकडे नारळ खवण्याची खरखर सुरू व्हायची ती दुपारपर्यंत थांबायची नाही. आईचा मिक्सरवर विश्वास नव्हता. वाटप पाट्यावरच, आणि तेही मीच करायचं, कारण माझ्या हाताला वाटप गंधासारखं येतं असं ती सगळ्यांना सांगायची. मला ते कौतुक वाटायचं, आणि रागही यायचा. बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुळथाची पिठी, सोलांची कढी. तिरफळांचा वास माझ्या केसांत इतका मुरला होता की खाली रस्त्यावर गेले तरी तो माझ्याबरोबर यायचा.

वाटप माझं, भाकऱ्या माझ्या, भांडी माझी. पण वाढणं आणि डबे भरणं मात्र आईचं. पातेल्याशी ती आमच्याकडे पाठ करून बसायची आणि मध्ये कुणाचा हात चालायचा नाही. कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, कुणाची संकष्टी, कुणी श्रावण पाळतो पण अर्धाच, कुणाला कोलंबी खाल्ली की अंगावर गांध्या उठतात, हे सगळं तिच्या डोक्यात. कधी कागदावर नाही, कधी तोंडावर नाही. एखाद्या दिवशी मी विचारलं तर म्हणायची, "तुका काय करूचा आसा? तू भाकरी बघ, करपता."

मी तेव्हा सतरा-अठराची असेन. मला त्या दिवसांत एका जागी बसवायचं नाही. भाकरी थापताना पाय हलत राहायचे. माळ्यावर जावंसं वाटायचं, माळ्यावर गेलं की खाली यावंसं वाटायचं. काय हवं होतं ते विचाराल तर मला सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

माझी धाकटी बहीण अंकिता, आमची अंकू, नववीत होती. तिच्या शाळेतल्या काही मुलींसाठी मुलुंडहून एक मॅडम यायची. केतकी मॅडम. पायथ्याशी समाजमंदिर आहे, तिथे आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी ती मुलींना मोबाइलचं अ‍ॅप बनवायला शिकवायची. फी नव्हती. पण परत यायला अंधार पडायचा, आणि आई अंकूला एकटीला सोडायची नाही. म्हणून सोबतीला मी. मी दाराजवळ चटईवर बसायचे, विणकाम घेऊन. विणकाम नावाला. एकच स्वेटर मी वर्षभर विणला आणि तो कुणाच्याच अंगाला आला नाही.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाली, "समजा मी मशीन आहे. मला काही कळत नाही, जेवढं सांगाल तेवढंच करते. मला तुमच्या घरी न्या." मुली म्हणाल्या, "वर या." मॅडम बाकावर चढली. मुली हसून लोळल्या. "अहो मॅडम, डोंगरावर वर." मॅडम बाकावरून टेबलावर. मग एकीने नीट सांगायला घेतलं: बाहेर जा, डावीकडे वळा, गटाराच्या लादीवरून चाला, पवारांच्या घरातून आत शिरा, मागच्या दाराने बाहेर पडा. मॅडमने विचारलं, "पवारांचं दार बंद असेल तर?" आमच्याकडे पवारांचं दार बंद असेल असं कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मॅडम म्हणाली, "हे 'असेल तर' आहे ना, तेच आपण शिकायचं. मोठं काम दिसलं की त्याचे छोटे तुकडे करायचे, आणि प्रत्येक तुकड्यापाशी विचारायचं, हे नाही झालं तर काय."

लॅपटॉप दोनच होते. पडद्यावर रंगीत ठोकळे असायचे, एकाला खाच, दुसऱ्याला टोक, ते एकमेकांत अडकवायचे. लिहायचं फार कमी. 'जर' नावाचा पिवळा ठोकळा होता, त्याच्या पोटात दुसरे ठोकळे बसायचे. ठोकळे जुळले की तेच फोनवर चालताना दिसायचं. मुली फोनवर मांजराचे आवाज काढायच्या, गणिताची कोडी बनवायच्या. मी लांबून बघायचे आणि माझ्या डोक्यात दुसरंच चालायचं. आईचं डोकं आतून असंच असणार, असं मला वाटायचं. गुरुवार असेल तर मासा नाही. श्रावण असेल आणि पंधरा दिवस उलटले असतील तर मासा आहे. पिवळे पिवळे ठोकळे, एकाच्या पोटात एक.

एका रात्री झोपताना मी हे अंकूला सांगितलं. ती उठून बसली. "ताई, हेच बनवूया. आज कोण काय खाणार." मी म्हटलं, "आई मारील." ती म्हणाली, "आईला कशाला सांगायचं आधीच?"

मग कामाला लागलो. मी आईला भाकऱ्यांच्या नादात एकेक विचारायचे, ती एकेक तुटक उत्तर द्यायची, ते मी जिन्यावरून उतरता उतरता अंकूला सांगायचे, अंकू तिथे ठोकळ्यात बसवायची. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचं चित्र. दाबलं की एक तर मासा यायचा, नाही तर पान. एकादश्या, संकष्ट्या भिंतीवरच्या कॅलेंडरातून उतरवल्या. मॅडमला हे इतकं आवडलं की तिने आपला एक जुना फोन महिनाभर आमच्याकडे राहू दिला. तिचा एक नियम होता, अ‍ॅप दुसऱ्याला द्यायच्या आधी आपणच ते मोडून बघायचं. कडेकडेच्या गोष्टी शोधायच्या, जिथे चूक होईल. अंकूला अशीच एक कड सापडली. आमच्याकडे तात्या राऊळ जेवायचे, एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन. आठ वाजता डबा घेऊन जायचे, सकाळी येताना रिकामा डबा आमच्या उंबऱ्यावर ठेवायचे. तात्यांचा सोमवार. दिवसभर काही खायचे नाहीत, आणि सोमवार सुटेपर्यंत माशाला शिवायचे नाहीत. अंकू म्हणाली, "पण तात्या जेवतात रात्री एक वाजता. तेव्हा तारीख बदललेली असते. म्हणजे रविवारी रात्रीचा डबा सोमवारात जातो आणि सोमवारी रात्रीचा मंगळवारात. रविवारी पान, सोमवारी मासा." मॅडम म्हणाली, "वा गं, हे मला सुचलं नसतं." अंकूचा चेहरा असा फुलला होता. मी आईच्या पाठीमागून तात्यांचा डबा कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे मलाही ते बरोबर वाटलं. बरोबरच होतं ते, घड्याळाप्रमाणे.

मग गावाहून फोन आला. मामाला लकवा मारला. आईला जावं लागणार होतं, आठवडा-दहा दिवस तरी. ती म्हणाली, खानावळ बंद ठेवूया, माणसं तेवढे दिवस बाहेर जेवतील. पण बाहेर गेलेली माणसं परत येतीलच असं नव्हतं. खालच्या गल्लीत नवीन मेस निघाली होती, तिथला माणूस आमच्या जेवणाऱ्यांना रस्त्यात गाठून गप्पा मारायचा. अंकू म्हणाली, "आम्ही चालवतो. सगळं फोनमध्ये आहे." आणि तिने फोन आईपुढे धरला. आईने मासा बघितला, पान बघितलं.

"माझा डोक्यातला हेच्यात खंयसून इला?"

"ताईने विचारून घेतलं."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता लाटणं येतं. तेवढ्यात विमान आलं, त्यामुळे सगळ्यांनाच थांबावं लागलं. विमान गेल्यावर ती म्हणाली, "बरा. चलवा. पण सांगून ठेवतंय, एक जरी डबो न खाता परत इलो, तर तुमचो तो कलास बंद. फोन मॅडमीक परत. आणि अंकू शाळेतसून थेट घरी."

ती शनिवारी गेली. रविवारी मी पहिल्यांदा पातेल्यापाशी बसले. अंकू फोन घेऊन शेजारी, एकेक नाव दाबायची आणि ओरडायची, "मासा. मासा. मासा." रविवार म्हणजे सगळ्यांनाच मासा. तात्यांपाशी आली. "पान." मी तात्यांच्या डब्यात काळ्या वाटाण्याचं सांबारं भरलं. तात्यांनी डबा हातात घेतला, वास घेतल्यासारखं केलं आणि गेले. सोमवारी रात्री उलटं. घरात बहुतेकांना पान, एक-दोघांना मासा. तात्यांपाशी फोनने मासा दाखवला. मी बांगड्याचं तिखलं भरलं, चांगला मधला तुकडा घातला, आदल्या दिवशी त्यांना मासा मिळाला नव्हता म्हणून.

मंगळवारी सकाळी उंबऱ्यावर तात्यांचा डबा होता. मी उचलला. डबा घासलेला होता.

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. खानावळीच्या डब्याची एक रीत असते, जेवणारा तो घासत नाही, फार तर पाण्याने विसळतो. घासणं आमचं काम, त्याचे पैसे त्यातच. तात्या तर विसळायचेही नाहीत, कढीची गुलाबी कड तशीच सुकून यायची. आणि आज आत-बाहेर चकचकीत, साबणाचा वास येणारा. माणूस डबा घासतो तेव्हा त्याला काहीतरी लपवायचं असतं.

अंकू शाळेत गेली. मी वाटप करायला बसले आणि उठले. परत बसले, परत उठले. भाकऱ्या दोनदा करपल्या. तात्या वरच्या गल्लीत आणखी दोघांबरोबर खोली घेऊन राहायचे. मी त्यांच्याशी आयुष्यात एक वाक्य बोलले नव्हते. जेवणाऱ्या पुरुषांशी बोलायचं नाही असं आईने सांगितलं होतं असं नाही, पण मला कधी जमलंच नव्हतं. त्यांनी "कढी आसा काय?" विचारलं तरी मी मान हलवायचे आणि आई उत्तर द्यायची. दुपारी शेवटी मी ओढणी घेतली आणि वर गेले. दार उघडंच होतं. तात्या नुकतेच उठून चहा घेत बसले होते.

"काय गो चेडवा? आवस इली?"

मी मान हलवली, आई आली नव्हती.

"मगे?"

विमान आलं. मी त्याचे मनातल्या मनात आभार मानले. ते गेल्यावर मात्र काही बोलावंच लागलं. "तात्या, काल डब्यात बांगडा होता."

"होतो."

"तुम्ही खाल्लात?"

"मांजरीन खाल्लो. तिची दिवाळी झाली."

"आणि तुम्ही?"

"पाणी प्यालंय. एका रात्रीन कोण मरणा नाय."

म्हणजे आदल्या दिवशी सकाळपासून उपाशी माणूस, रात्रपाळी करून, डबा उघडतो तर त्यात मासा. मला रडू येत होतं पण मी आले होते ते विचारायला. "पण तुम्ही जेवता तेव्हा बारा वाजून गेलेले असतात ना? मंगळवार लागलेला असतो."

तात्या हसले, चहा सांडेपर्यंत. "घड्याळ काय माझो देव आसा? सकाळी डुटीवरून येतंय, आंघूळ करतंय, देवाक हात जोडतंय, तेव्हा माझो मंगळवार. तोपर्यंत सोमवार सुटणा नाय. तुझ्या आवशीक म्हायत आसा."

"मग सकाळी डबा ठेवताना सांगितलं का नाही?"

"आवस गावाक. पोरी दोनच. बोललंय असतंय तर तू भांडी आपटलंस असतंस."

संध्याकाळी समाजमंदिरात अंकूने हे ऐकलं आणि तिने लॅपटॉप मिटूनच ठेवला. मॅडमने तो परत उघडला. म्हणाली, "मी वा म्हटलं होतं ना? म्हणजे अर्धी चूक माझी. आपण तिघींनी फोनला विचारलं दिवस कधी बदलतो. तात्यांना विचारायचं राहिलं." मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बाकीच्यांचे दिवस कधी बदलतात?" मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, जिला माहीत होतं ती एकटी गावी बसली होती. म्हणून त्या आठवड्यात मी प्रत्येकाला विचारलं. एकेकापुढे जाऊन उभी राहायचे, घसा साफ करायचे, विमान यायची वाट बघायचे, आणि विचारायचे. एकाची संकष्टी चंद्र दिसल्यावर सुटायची, ढग असले तर कॅलेंडरातल्या वेळेवर. एकाचा शनिवार मारुतीला जाऊन आलं की संपायचा, मग दुपार का असेना. स्टुडिओतला प्रदीप म्हणाला, "माझा गुरुवार शूटिंगवर आहे. चालू राहिलं तर शुक्रवारीपण गुरुवारच." अंकूने तारखेचा ठोकळा काढून टाकला आणि प्रत्येकाच्या नावाखाली एक बटण केलं, 'दिवस सुटला'. ते आम्ही दाबायचं, विचारून.

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या आठवड्यात मी जेवढं बोलले तेवढं नंतर लग्नात पण बोलले नाही.

पुढे एकही डबा चुकला नाही. आणि एक गंमत झाली. मंगळवारनंतर तात्यांचा डबा रोज घासून येऊ लागला. बुधवारी, गुरुवारी, रोज चकचकीत. मला आधी कळेना. मग कळलं, तो एकच घासलेला डबा वेगळा दिसू नये म्हणून. अंकू म्हणाली, "बघ, आता आईला कळणारच नाही. आणि तसा तो परत कुठे आला? रिकामाच आला ना?" मला रात्रभर कूस सापडत नव्हती.

आई दहाव्या-अकराव्या दिवशी आली. मामा वाचला होता, पण उजवा हात गेला होता. तिने पिशवी खाली ठेवली, पाय धुतले आणि पहिली फडताळाकडे गेली. डबे ओळीत होते. तात्यांचा उचलला, उलटा केला, परत सुलटा केला.

"तात्यो डबो घासून कधीपासून देता?"

अंकूने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, रविवार, सोमवार, मांजर, पाणी. आई ऐकत होती. तिचा चेहरा थकलेला होता आणि मला वाटलं ती ओरडणारही नाही. ती ओरडली नाहीच. म्हणाली, "सोमवारी उपाशी ठेवलात माणसाक. बरा. मी सांगितलेला तसा होतला. कलास बंद. फोन उद्या परत."

अंकू माळ्यावर चढून गेली. तिचं रडणं पत्र्याखाली ऐकू येत होतं. आई पाट्यापाशी बसली, सुऱ्याने कांदे कापायला लागली. मी तिथेच उभी. माझे पाय हलत होते.

"डबा अंकूने नाही भरला," मी म्हटलं. "मी भरला."

"फोनान सांगितला म्हणून."

"फोनला मी सांगितलं. तू मला 'तात्यांचो सोमवार' एवढंच म्हणालीस, मी तेवढंच सांगितलं. बंद करायचं तर मला बंद कर. उद्यापासून वाटप तू कर. अंकूचं नको."

मी आईशी असं कधी बोलले नव्हते. आईने सुरा खाली ठेवला. कांद्यामुळे असेल, ती डोळे पुसत होती.

"माका कोणी विचारला काय कधी," ती म्हणाली, "कसा सुटता म्हणून? सगळी जेवतत. कोण विचारणा नाय."

मी तिच्या शेजारी बसले आणि कांदे माझ्याकडे ओढले. थोड्या वेळाने तिने सांगितलं, तिच्या रीतीने, तुटक. क्लास चालू राहील. पण चुकलेल्या डब्याचा खाडा धरायचा असतो. खाडा म्हणजे जेवण झालं नाही त्या दिवसाचे पैसे कापून द्यायचे, ही खानावळीची रीत. तात्यांनी सोमवारी उपास काढला आणि पुढे आठवडाभर स्वतः डबा घासला, तर खाडा सगळ्या आठवड्याचा. तिच्या पैशांच्या डब्यातून नाही. आमच्या दोघींच्या हाताच्या कमाईतून, आणि पोचवायचा मी.

कमाई म्हणजे खालच्या सुक्या मासळीवालीचे सोडे साफ करायचे. अंकू शाळेतून आली की आम्ही दोघी पायरीवर बसायचो, बोटं सोलून निघायची, हाताचा वास साबणानेही जायचा नाही. क्लासला तोच वास घेऊन जायचो. दर आठवड्याला मी थोडे पैसे वर नेऊन द्यायचे. तात्या पहिल्यांदा घ्यायला तयार नव्हते. "येडी काय तू?" मी म्हटलं, "आईने सांगितलंय, घेतले नाहीत तर डबा बंद." तेव्हा घेतले. न मोजता खिशात घातले, पोरीच्या हातून खाऊ घ्यावा तसे. पुढच्या वेळीही तसेच. मला ते आवडायचं नाही, पण का ते सांगता यायचं नाही.

शेवटचे पैसे मी एका मंगळवारी दिले. तात्यांची आंघोळ झालेली होती, कपाळाला अंगारा होता. त्यांनी नोटा हातात घेतल्या, तसाच हात खिशाकडे नेला, आणि माझ्याकडे बघून थांबले. मग थुंकीने बोट ओलं केलं आणि एकेक नोट मोजली. सुटे पैसे तळहातावर पसरून मोजले. दोन रुपयांचं एक नाणं गुळगुळीत झालं होतं, ते मला परत दिलं, म्हणाले, "ह्या चालाचा नाय, दुसरा दी." मी खाली जाऊन दुसरं आणून दिलं. त्यांनी ते घेतलं, बाकीच्यांत मिळवलं, आणि म्हणाले, "पुरे झाले."